निजामाच्या काळचं पितळ

रद्दी विकायला गेलेला माणूस मोकळ्या हातानं आणि थोडेफार पैसे घेऊन परत येतो, असा जगाचा नियम आहे. आमच्या घरी तो चालत नाही. मी महिन्यातून एकदा स्कूटरवर पेपरांचे दोन गठ्ठे घेऊन संभाजीनगरच्या जुन्या शहरात जातो आणि येताना त्याहून जड काहीतरी घेऊन येतो. आजवर आणलेल्या वस्तूंत ग्रामोफोनचा कर्णा आहे (ग्रामोफोन नाही), झाकण हरवलेलं पानदान आहे आणि एक लंबकाचं घड्याळ आहे. त्याचा लंबक शेजाऱ्यांनी भिंतीत खिळा ठोकला तरच हलतो. या खजिन्यासाठी बायकोनं माळ्यावर एक कोपरा काढून दिलाय. त्याला ती 'सोनेरी महाल' म्हणते. विद्यापीठाजवळचा खरा सोनेरी महाल तिकीट काढून बघता येतो. आमचा बघायला शिडी लागते.

तर गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मी रद्दी काट्यावर ठेवली आणि दुकानातले चाचा म्हणाले, "आव साब, तुम्हारे वास्तेच एक चीज रखेला हूं."

हे वाक्य ते गिऱ्हाइकागणिक म्हणत असणार, हे मला कळतं. तरीही ते ऐकलं की माझी छाती दोन इंच फुगते. चाचांनी बारदानाखालून एक काळपट पितळी वस्तू काढली. दीड वीत उंची, घोड्याच्या नालेसारखा पाय, खाली गोल आरसा, वर उभी नळी. मायक्रोस्कोप!

"निजाम के जमाने का है साब."

निजामाचा जमाना हा आमच्याकडे नुसता काळ नाही, दर्जा आहे. १७२४ ते १९४८ या सव्वादोनशे वर्षांत निजामांनी एवढ्या मोडक्या खुर्च्या, गळके लोटे आणि बंद घड्याळं वापरली असतील तर त्यांना राज्य करायला वेळ कधी मिळाला, हा संशोधनाचा विषय आहे.

"किसका था?" मी विचारलं.

"अंग्रेज डाक्टर का. नाम लिखेला है ना. देखो."

मी चष्मा वर सरकवून पाहिलं. काजळीतून इंग्रजी अक्षरं डोकावत होती. रॉस. खाली लंडन असावं असं काहीतरी. आणि साल, १८५७.

माझ्या अंगावर काटा आला. रॉस म्हणजे रोनाल्ड रॉस! मलेरिया डासांमुळे पसरतो याचा धागा ज्याच्या हाती लागला तो लष्करी डॉक्टर. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यानं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला आणि १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. आणि पाहिला कुठं? सिकंदराबादेत! म्हणजे निजामाच्याच मुलखात. तेव्हा आमचं गावही त्याच मुलखात होतं. उकाडा असा की घाम गळून मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले, हे रॉसनंच लिहून ठेवलंय. पंखा हलवायची सोय नव्हती, कारण वाऱ्यानं चिरलेले डास उडून जायचे. हुसेन खान नावाच्या रुग्णाला तो डास चावून घ्यायला लावायचा आणि दर डासामागे एक आणा द्यायचा. त्या दरानं आमच्या कॉलनीत एव्हाना प्रत्येकाचा बंगला झाला असता.

मी वस्तू उलटी केली. पायाजवळच्या स्क्रूवर तांबूस गंज होता. मी हळूच बोट फिरवलं. रॉसचा घाम!

आता सालाचं कोडं. तेही सुटलं. रॉसचा जन्म आल्मोड्याचा, १८५७ सालचा. आपल्याकडे बारशाला वाळे आणि चांदीची वाटी देतात, तसा त्याच्या घरच्यांनी मायक्रोस्कोप दिला असणार, जन्मसाल कोरून. तो इथवर आला कसा? रॉसनं १८९९ साली हिंदुस्थान सोडला आणि आमच्याकडे रेल्वे आली १९०० साली. म्हणजे बैलगाडीनं! माणसानं एकदा विकत घ्यायचं ठरवलं की पुरावे आपणहून पायाशी येऊन बसतात.

"कितना?"

"आठ हजार."

"दो."

"क्या साब, मजाक करते क्या. खाली पितल का वजन देखो."

साडेतीन हजारांवर तोडलं. त्यातून रद्दीचे दोनशे दहा वजा झाले, हा नफा.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "किती?"

"किमतीचं काय विचारतेस, इतिहास..."

"किमतीचं नाही. किलो किती? माळा खाली येईल."

आई देवघरातून म्हणाली, "देवाचं आहे का रे काही?"

"नाही आई, रॉसचं आहे."

"मग ओट्यावर नको ठेवू."

मी दोघींना बसवून जुन्या वस्तूंचा पहिला नियम समजावला. पितळेवर काळाचा जो थर चढतो तो वस्तूचा जन्मदाखला. तो घासायचा नाही. घासला की जाणकार लोक तोंड फिरवतात आणि किंमत उतरते. आई मान डोलवत ऐकत होती. आईनं साठ वर्षांत या घरात पितळेचं भांडं काळं राहू दिलेलं नाही, हे मी विसरलो.

सकाळी उठून पाहतो तर तुळशीपाशी दोन समया, एक घंटा, एक तांब्या आणि मधोमध रॉस! चिंच-मिठानं घासून, उन्हात वाळत, सोन्यासारखे लखलखत! मी मटकन पायरीवर बसलो.

"केवढा मळ होता रे," आई म्हणाली. "डॉक्टर असून असा कसा?"

पण खरा घाव पुढं होता. चहाचा कप हातात देता देता बायको वाकून अक्षरं वाचू लागली. आता ती झेंडूच्या तोरणासारखी स्पष्ट दिसत होती.

"अहो, लंडनचं स्पेलिंग चुकलंय."

खरंच, शेवटच्या 'ओ'च्या जागी 'ई' होता.

दुसरा कुणी खचला असता. मी रात्रभर इंटरनेटवर बसलो आणि पहाटे विजयी मुद्रेनं बायकोला उठवलं. "डच लोक लंडन असंच लिहितात!"

"मग?"

"मग काय? मायक्रोस्कोपचा आद्यपुरुष कोण? लेवेनहूक! तो डच होता!"

तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं. रॉस, १८५७ आणि डच स्पेलिंग यांचा मेळ कसा घालायचा, हा तपशिलाचा प्रश्न मी पुढं ढकलला. मोठ्या संशोधनात असं करावं लागतं.

पण लेवेनहूक हा माणूस माझ्या मनात भरला तो भरलाच. डेल्फ्ट गावचा कापडवाला. आपल्या गुलमंडीवर गादीवर बसून साड्यांच्या घड्या मोडणाऱ्या एखाद्या शेटजींनी दुपारच्या मंदीत भिंग घासत बसावं, तसा. पाचशेहून जास्त भिंगं त्यानं केली, पण विकलं एकही नाही. त्याचा मायक्रोस्कोप म्हणजे बोटभर पितळी किंवा चांदीचा पत्रा, त्यात मोहरीएवढं एकच भिंग. डोळ्याला चिकटवून उजेडाकडे बघायचं. त्यातून वस्तू अडीचशे पटींहून मोठी दिसायची. इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच १६७४ साली तो तिकडे तळ्याच्या पाण्यातले हिरवे धागे आणि वळवळणारे जीव बघत होता. मिरी तिखट का लागते या शंकेनं त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली. त्याला वाटलं, मिऱ्याला काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील. काटे सापडले नाहीत, जंतू सापडले. भिंग कसं घासतो हे त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे मसाल्याचं प्रमाण असंच सासूबरोबर जातं. मरताना त्यानं चांदीचे २६ मायक्रोस्कोप लंडनच्या रॉयल सोसायटीला दिले. ते पुढं गहाळ झाले! शेजाऱ्यांकडे डबा भरून दिला की डबा जातो, हे तिकडेही चुकलेलं नाही.

आठवडाभरात मी तज्ज्ञ झालो. तज्ज्ञ झालेल्या माणसाला श्रोता लागतो. मला तो मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात मिळाला. नवरदेवाचे मामा ताटावर बसले होते, हात खरकटा, म्हणजे पळून जाण्याची शक्यता नाही.

"झाइस ऐकलंय ना तुम्ही?" मी सुरुवात केली. "१८४६ साली येना गावात त्यानं वर्कशॉप टाकलं. असं सांगतात, की मनासारखा उतरला नाही तो मायक्रोस्कोप स्वतः हातोडीनं फोडायचा."

"आमचा मिक्सरवाला तसाच आहे," मामा म्हणाले. "फक्त तो फोडून झाल्यावर बिल देतो."

मी नेटानं पुढं गेलो. लंडनचे पॉवेल आणि लीलँड सांगितले. जोसेफ जॅक्सन लिस्टर सांगितला, जो मुळात दारूचा व्यापारी होता, पण १८३० साली दोन भिंगांचा असा मेळ बसवून दाखवला की वस्तूभोवतीची धूसर कड गेली. त्याचाच मुलगा पुढं निर्जंतुक शस्त्रक्रियेचा डॉक्टर लिस्टर झाला. "म्हणजे बाप दारूत आणि मुलगा दवाखान्यात," मामा म्हणाले. "आमच्या गल्लीत उलटं आहे." शेवटी मी झाइसच्या फाळणीवर आलो. १९४५ साली अमेरिकनांनी येनातली निवडक जाणती माणसं पश्चिमेकडे नेली. गाव आणि कारखाना रशियनांकडे गेला. मग दोन झाइस झाले, दोघांचीही पाटी 'मूळ दुकान हेच', आणि नावावरून कोर्टकचेऱ्या. जर्मनी एक झाल्यावर दुकानंही एक झाली.

मामांचे डोळे पाणावले. मला वाटलं, विषय भिडला. "वाटणी वाईटच हो," ते म्हणाले आणि पैठण रस्त्यावरच्या सहा एकरांची, चुलत्यांनी सरकवलेल्या बांधाची हकीकत जिलबी संपेपर्यंत सांगत राहिले. माझे हातही खरकटेच होते.

एवढं सगळं झालं, पण त्या मायक्रोस्कोपातून मी अजून काही पाहिलंच नव्हतं. पुराणवस्तू जमवणाऱ्यांचं असंच असतं. तलवार भिंतीवर, पानदान कपाटात आणि पान कोपऱ्यावरच्या टपरीवर. अखेर लेवेनहूकला स्मरून एक थेंब पाणी बघायचं ठरवलं.

पाण्याची आमच्याकडे वाण नाही, म्हणजे साठवलेल्या. संभाजीनगरात नळ रोज येत नाहीत, कधी पाचव्या दिवशी येतात, कधी आठव्या. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला अख्खा नाथसागर आहे, आणि आम्ही घराघरांत निळ्या ड्रमातून छोटे छोटे नाथसागर राखून आहोत. मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात खेळवलं होतं. त्याला ड्रम ठाऊक नसावेत. तर बाथरूमबाहेरच्या ड्रममधलं सातव्या दिवसाचं पाणी काचपट्टीवर घेतलं, आरसा खिडकीकडे वळवला आणि डोळा लावला.

मी ओरडलो. समोर काळ्या, लांब, वाकड्या काट्यांची रांग होती. ती थरथरत होती. मी डोळा किंचित मिटला की तीही दबा धरायची, उघडला की पुन्हा हजर. एवढा हुशार जंतू माझ्या पाहण्यात नव्हता.

घर गोळा झालं. आई म्हणाली, "दिसतंय की. गणपतीसारखं आहे." शेजारचे काका एक डोळा मिटून पाच मिनिटं वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या पाण्यात मला कावीळ दिसतेय." मुलगा म्हणाला, "बाबा, काहीच दिसत नाही." या पिढीची नजरच मेली आहे. बायकोनं मात्र धसका घेतला. त्या दिवसापासून पिण्यासाठी वीस लिटरचा जार, स्वयंपाकासाठी वीस लिटरचा जार, आणि दर जारामागे माझ्याकडे एक कटाक्ष.

शेवटी कुणीतरी जाणता माणूस आणावा म्हणून मी ओळखीच्या दुसऱ्याच एका मामांना बोलावलं. मामा एका कॉलेजात पस्तीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते. मुलं प्राध्यापकांना सर म्हणायची, पण बेडकासाठी, स्लाइडसाठी आणि नापास व्हायच्या वेळी मामांकडेच जायची. मामा आले, चहाला नको म्हणाले आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला स्क्रू-ड्रायव्हरचा संच काढला. रॉसला त्यांनी हातात घेतलं, उलटं केलं, आणि त्यांची नजर थेट त्या गंजलेल्या स्क्रूवर गेली.

"रॉसचा घाम," मी आदरानं म्हणालो.

"साहेब, स्क्रूचं डोकं बघा."

मी बघितलं. डोक्यावर अधिकाचं चिन्ह होतं.

"जुन्या मायक्रोस्कोपच्या स्क्रूला एकच सरळ चीर असते," मामा म्हणाले. "मी पस्तीस वर्षं त्याच चिरीत हा ड्रायव्हर घातलाय. हे अधिकवाले फार नंतरचे."

नंतरचे म्हणजे किती, ते मी त्यांच्यासमोर मोबाइलवर पाहिलं. तसला फिलिप्स स्क्रू पेटंट होऊन बाजारात आला तो १९३० नंतरच्या दशकात. म्हणजे १८५७च्या बारशाची भेट, आणि स्क्रू पुढच्या शतकातला!

मामांनी नळी उघडली, भिंग तळहातावर घेतलं, उजेडाला धरलं. "हे भिंग नाही, काच आहे. यातून पत्रिका वाचता येईल, जंतू नाही दिसायचा."

"पण मी पाहिला ना! काळा, काटेरी, हलणारा!"

"डोळा मिटला की लपायचा?"

"हो!"

"ती तुमची पापणी साहेब. अकरावीची पोरं पहिल्या दिवशी तेच बघतात."

आई म्हणाली, "मला गणपतीच वाटला."

मामा दयाळू माणूस. त्यांनी माझी समजूत काढायला आपल्या प्रयोगशाळेच्या गोष्टी सांगितल्या. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरू नये म्हणून कपाटात रात्रंदिवस एक बल्ब जळत ठेवायचा. शंभरच्या भिंगाला सिडारवुड तेलाचा थेंब लागायचा. काम झाल्यावर तो पुसला नाही की दुसऱ्या दिवशी डिंकासारखा घट्ट. पोरं बाजूनं न बघता नळी उतरवायची आणि काचपट्टी कडकन फुटायची. "आमचे सगळे अंबाल्याचे होते," मामा म्हणाले. "त्यांच्यावर अंबालाच लिहिलेलं असायचं. लंडन नव्हतं. पण कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी दिसायची."

मग मी खरी माहिती वाचली, जी विकत घेण्याआधी वाचायची असते. रॉस हे लंडनच्या नामांकित भिंगवाल्याचं नाव, अँड्र्यू रॉस. तो १८५९ साली वारला, तेव्हा आमचे मलेरियावाले रॉस दोन वर्षांचे होते. नामवंतांची खोटी सही मारण्याची रीतही जुनीच. अठराव्या शतकात डॉलंडच्या दुर्बिणी इतक्या खपायच्या, की इतरांनी 'ओ'च्या जागी 'ए' घालून आपल्या दुर्बिणी बाजारात सोडल्या. शोभेच्या नव्या पितळी वस्तूंवर लंडनची जुनी नावं कोरून विकणारे आजही आहेत. माझ्या माणसाला मात्र लंडनही नीट लिहिता आलं नाही. बायको म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. आपण मकबऱ्याच्या गावचे. लोक त्याला ताजमहालाची नक्कल म्हणतात आणि तरी लांबून बघायला येतात." एवढं म्हणून तिनं जारवाल्याचं बिल माझ्या हातावर ठेवलं.

मामा निघताना हात धुवायला ड्रमपाशी गेले. झाकण बाजूला केलं, वाकले आणि तसेच थांबले.

"वहिनी, साहेब, जरा इकडे या."

आम्ही गेलो. सातव्या दिवसाच्या स्वच्छ पाण्यात बारीक बारीक करड्या अळ्या लटकल्या होत्या. मामांनी बोटानं पाणी हलवलं, तशा त्या वळवळत तळाला गेल्या आणि पुन्हा वर आल्या.

"मलेरियाच्या डासाची अळी पाण्यालगत आडवी राहते," मामा म्हणाले. "या बघा, डोकं खाली करून तिरक्या टांगल्यात. यांत डेंग्यूचीही असू शकते, तिला असंच चांगलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तुमच्याकडे नळ कितव्या दिवशी येतो?"

कुणी बोललं नाही. मुलगा म्हणाला, "हे तर मला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय."

हे कळायला रॉसला सिकंदराबादेत घाम गाळावा लागला होता. मला साडेतीन हजार पडले. दोन आठवडे मी त्या ड्रमशेजारी उभा राहून, डास मारत, डासाचा शोध लावणाऱ्याच्या नावाची पूजा करत होतो.

ड्रम ओतला, घासला, उन्हात पालथा घातला. पुढच्या नळाला भरला. झाकण वाकडं होतं, एका बाजूनं फट राहायची. त्यावर वजन हवं होतं. बायकोनं इकडंतिकडं पाहिलं आणि रॉसला उचलून झाकणावर ठेवलं. फट बंद. आता तो तिथंच असतो. आई दर शनिवारी चिंचेनं घासते. पाहुणे विचारतात, हे काय? बायको सांगते, "निजामाच्या काळचं आहे."

परवा मी त्याला रद्दीच्या काट्यावर ठेवून पाहिलं. तीन किलो दोनशे ग्रॅम भरला. नाव खोटं, साल खोटं, भिंग खोटं. पितळ मात्र वजनाला खरं निघालं, आणि ते झाकणावर बसल्यापासून ड्रममध्ये एकही अळी झालेली नाही.